सभेत प्रत्येकाच्या हातात मतदानाचं कीपॅड : मेळाव्यात, वर्गात, बचत गटात कुणी वापरलंय का?

बालाघाटचा_वारा | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार.

केज तालुक्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सभासद साडेतीनशेच्या आसपास, मेळाव्याला निम्मे येतात. दरवर्षी मे महिन्यात खरिपाच्या आधी मोठी बैठक असते. बियाणं कोणतं आणायचं, मूग-उडदाच्या खरेदीत उतरायचं का, गोदामाचं भाडं काय ठेवायचं, असे विषय.

अडचण अशी की "मान्य असेल त्यांनी हात वर करा" म्हटलं की पहिल्या रांगेतले तात्या-अण्णा हात वर करतात आणि मागचे त्यांच्याकडं बघून. बाया बाजूच्या सतरंजीवर. त्या आधी एकमेकींकडं बघतात, मग घरच्या माणसाकडं. ठराव सर्वानुमते मंजूर, टाळ्या, चहा. जूनमध्ये त्यातल्याच कितीतरी जणांनी वेगळंच बियाणं आणलेलं असतं आणि कंपनीच्या गोदामात आमची पोती पडून राहतात.

परवा पुण्यात एका कार्यशाळेत प्रत्येकाच्या हातात टीव्हीच्या रिमोटपेक्षा लहान कीपॅड दिलं होतं. पडद्यावर प्रश्न, खाली १-२-३-४, बटण दाबायचं, वेळ संपली की लगेच उभ्या पट्ट्यांचा आलेख. कुणी काय दाबलं ते शेजाऱ्यालाही कळत नाही. मला ती गोष्ट आमच्या बैठकीसाठी हवी आहे. पण एसी हॉलमधली चीज मंगल कार्यालयात किंवा मंडपात चालेल का? लाइट गेली तर? साठीच्या पुढच्या माणसांना जमेल का? भाड्यानं मिळतात का? ज्यांनी प्रत्यक्ष हाताळलंय त्यांनी लिहा. जाहिरातीतलं मला माहीत आहे.

---

मंडप_साउंड_लाइट | सोमवार, रात्री १०:१५

मी संभाजीनगरात कार्यक्रमांचं साउंड आणि स्क्रीन बघतो. डॉक्टरांच्या परिषदा आणि डीलरांच्या मीटिंगा यात हे कीपॅड येतात. आपल्याकडं भाड्यानं देणारे कमी, बहुतेक माल मुंबई-पुण्याहून येतो. दर कीपॅडमागं दिवसाचं भाडं, सोबत त्यांचा एक ऑपरेटर, त्याचं येणं-जाणं आणि मुक्काम. डिपॉझिट वेगळं. हरवलं तर नव्याची किंमत कापतात, आणि परदेशी कंपनीचं एक कीपॅड ४०-५० डॉलरच्या घरात जातं, तेव्हा हलक्यात घेऊ नका.

एकच सांगणं: कीपॅड जेवणाच्या आधी गोळा करा. पंगत बसली की संपलं. कुणाच्या खिशात, कुणाच्या पिशवीत, कुणाच्या लेकराच्या हातात. दारात दोन माणसं टोपली घेऊन उभी करायची आणि टोपलीत टाकल्याशिवाय पत्रावळीकडं सोडायचं नाही.

आणि मे महिन्यात मंडपात प्रोजेक्टर लावणार असाल तर आत्ताच विचार बदला. दुपारी कापडाच्या मंडपात एवढा उजेड असतो की पडद्यावर काही दिसत नाही. बंद हॉल घ्या, नाहीतर एलईडी वॉल लावा. तिला जनरेटर लागतो, म्हणजे खर्च वाढला.

---

शंकेखोर | सोमवार, रात्री १०:५०

एवढा उपद्व्याप कशाला? सगळ्यांच्या हातात मोबाईल आहेत. गूगल फॉर्मची लिंक ग्रुपवर टाका, झालं मतदान. केजला डॉलरमधली खेळणी आणायची काय गरज?

---

बालाघाटचा_वारा | सोमवार, रात्री ११:०५

@शंकेखोर, ते करून झालंय. हॉलमध्ये दीडशे माणसं बसली की टॉवर हात टेकतो. घरात एक फोन, तो माणसाच्या किंवा कॉलेजच्या पोराच्या हातात. आलेली उत्तरं बघितली तर बायांची जवळजवळ नव्हतीच. आणि लिंक ग्रुपवर गेली की ज्यांनी बैठकीला तोंडसुद्धा दाखवलं नाही ते पुण्यात बसून मत देतात!

---

रेडिओवाला_जालना | मंगळवार, सकाळी ७:२०

यातलं थोडं कळतं म्हणून सविस्तर लिहितो. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खाली उतरावं.

जुनी कीपॅडं इन्फ्रारेडवर चालायची, टीव्हीच्या रिमोटसारखी. रिसीव्हर समोर दिसला पाहिजे, पुढच्याचं डोकं आडवं आलं की मत गेलं. तीस-चाळीस माणसांमागं एक रिसीव्हर लागायचा. बटण दाबलेलं पोचलं का हे दाबणाऱ्याला कळायचं नाही, म्हणून लोक दहादा दाबायचे. असला जुना माल कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

आताची रेडिओवर चालतात, बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर. हा पट्टा आपल्याकडं विनापरवाना वापराला मोकळा आहे, वायफाय-ब्लूटूथही तिथंच. अमेरिकेतली काही कीपॅडं ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. भाच्याला सांगून तिकडून मागवायचा विचार असेल तर थांबा. आपल्याकडं त्या भागात मोबाईल कंपन्या आहेत, तिथं असली उपकरणं चालवता येत नाहीत.

काम कसं चालतं? लॅपटॉपला पेनड्राइव्हएवढा रिसीव्हर लावायचा. प्रत्येक कीपॅडला स्वतःचा क्रमांक असतो. बटण दाबलं की तो क्रमांक आणि उत्तर एवढंच हवेत जातं. अगदी थोडी माहिती, म्हणून शे-दोनशे कीपॅडं एका रिसीव्हरवर आरामात चालतात. रिसीव्हर पोच देतो आणि कीपॅडवर हिरवा दिवा किंवा बरोबरची खूण येते. मतदान चालू असेपर्यंत दुसरं बटण दाबून उत्तर बदलता येतं, शेवटचं दाबलेलं धरतात. दोनदा दाबून दोन मतं होत नाहीत.

आता तुमच्या कामाचं. रिसीव्हर टेबलावर ठेवू नका. माणसाच्या अंगात पाणीच जास्त आणि पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतं. कंपनी कितीही मीटरचा पल्ला लिहो, तो मोकळ्या मैदानातला असतो, गच्च भरलेल्या हॉलमधला नाही. स्पीकरच्या स्टँडवर सात-आठ फूट उंच, सगळ्यांच्या डोक्यावरून दिसेल असा बांधा. त्यासाठी यूएसबीची लांब वायर लागते, ती लॅपटॉपच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये नको. ते पोर्ट २.४ च्या आसपासच खरखर करतं, आणि रिसीव्हर थेट तिथं खोचला की मागच्या रांगेतली मतं गळतात. कार्यालयाचं वायफाय बंद करा, पोरांचे हॉटस्पॉटही.

लाइटचं विचारलंत. कीपॅडं सेलवर, रिसीव्हर लॅपटॉपवर, लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर. लाइट गेली तर फक्त पडदा अंधारतो, मतं जमा होतच राहतात. प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर घ्या. काही कीपॅडांत सीआर २०३२ हे चपटे गोल सेल असतात, काहींत बारके पेन्सिल सेल. कुठले ते आधी विचारा. चपटे ऐनवेळी केजात सापडतील की नाही ते तुम्ही जाणा. लेकरांच्या हाताला लागू देऊ नका, गिळले तर जिवावर बेततं.

---

लातूरची_शिकवणी | मंगळवार, दुपारी २:३०

वा, रेडिओवाले, वही काढून उतरवून घेतलं.

मी लातूरला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. 'ऑडियन्स पोल' म्हटलं की लोकांना २००० साली सुरू झालेला केबीसी आठवतो. तिथं प्रेक्षकांचं उत्तर स्पर्धकाला वाचवायला असतं. वर्गात उलट. तिथं मला चूक हवी असते.

प्रश्न असा: सरळ वर फेकलेला चेंडू सर्वात उंच बिंदूला क्षणभर थांबतो, तेव्हा त्याचं त्वरण किती? तोंडी विचारलं तर पुढच्या बाकावरची तीन पोरं बरोबर सांगतात आणि मला वाटतं वर्गाला समजलं. कीपॅडवर विचारलं तेव्हा भलीमोठी पट्टी 'शून्य' या चुकीच्या पर्यायावर. ही पोरं सूत्रं घडाघडा म्हणणारी बरं का! वेग शून्य आणि त्वरण शून्य यातला फरक 'नीट' परीक्षेतल्या भौतिकशास्त्राच्या ४५ प्रश्नांत केव्हाही आडवा येतो, आणि तो यांच्या डोक्यात नाही हे मला एरवी चाचणीच्या निकालातच कळलं असतं, म्हणजे उशिरा.

हार्वर्डचे एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात याची पद्धतच बसवली. आधी प्रत्येकानं एकट्यानं उत्तर द्यायचं. साधारण ३० ते ७० टक्के बरोबर आले तर शिक्षकानं गप्प बसायचं आणि पोरांना शेजाऱ्याशी वाद घालू द्यायचा, मग तोच प्रश्न पुन्हा. ३० च्या खाली असेल तर विषय नव्यानं शिकवायचा, ७० च्या वर असेल तर पुढं जायचं. त्यांची सुरुवात कागदी कार्डांनी झाली होती, यंत्र नंतर आलं.

तुमच्या बैठकीला यातला एकच भाग उपयोगाचा आहे, पण मोठा आहे. पहिल्या मतदानाचा आलेख चर्चेआधी दाखवू नका. उंच पट्टी दिसली की लोक तिच्याकडं सरकतात. मग तुमच्या तात्या-अण्णांची जागा पट्टीनं घेतली एवढंच होतं. आधी दाबा, मग बोला, मग पुन्हा दाबा, आणि दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवा.

---

गोदाकाठची_माई | मंगळवार, सायंकाळी ६:१०

मी नांदेड-परभणीकडं बचत गटांचं काम करते. कीपॅड एका प्रशिक्षणात वापरलीत, म्हणून लिहायलेय.

बायांना जमंल का, हा प्रश्न तुम्ही 'साठीच्या पुढची माणसं' म्हणून विचारला. जमतं. बटण दाबणं अवघड नसतं, पडद्यावरचं वाचणं अवघड असतं. प्रश्न आणि चारही पर्याय माइकवर दोनदा मोठ्यानं वाचायचे, पर्यायाला आकड्यासोबत रंग आणि चित्र द्यायचं. कीपॅडवरचे आकडे इंग्रजी असतात, त्या बटणांवर आम्ही रंगीत टिकल्या चिकटवल्या. खरंच टिकल्या, कपाळाच्या. १ लाल, २ हिरवी, ३ पिवळी, ४ निळी. टिकली निघाली तर जिच्या तिच्या पर्समध्ये दुसरी असतेच.

पहिला प्रश्न कधीच कामाचा विचारू नका. आम्ही विचारलं: आज जेवणात काय पाहिजे? पुरणपोळी, पिठलं-भाकरी, वरणफळं, की काही का असंना पण दुसऱ्यानं केलेलं? चौथ्या पर्यायावर जी पट्टी चढली! सगळ्या हसल्या, एका मावशीनं विचारलं, "माझं बी आलं का त्यात?" एकूण मतांचा आकडा दाखवला, तेव्हा कुठं भरवसा बसला.

आता गुप्ततेचं. दारूबंदीच्या मतदानात उभी बाटली-आडवी बाटली आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्तींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. तिथं गुप्त मतपत्रिका नसती, ग्रामसभेत हात वर करायला लावले असते, तर किती हात वर गेले असते सांगा. सासरा समोर, दुकानदार समोर. कीपॅड हे त्या मतपत्रिकेच्या कामाचं आहे, पण एका अटीवर. आमच्या प्रशिक्षणात संयोजकांनी दारात रजिस्टरवर नाव आणि समोर कीपॅडचा नंबर लिहून घेतला. 'हिशोबाला बरं' म्हणून. पाच मिनिटांत सगळीकडं पसरलं की यांना कळतंय कोण काय दाबतंय. त्यानंतर सगळ्या प्रश्नांना 'चांगलं आहे' हेच उत्तर.

म्हणून दोन टोपल्या करा. ठराविक नंबरांची बायांच्या टोपलीत, बाकीची माणसांच्या. ज्याला जी उचलायची ती उचलू दे. नाव कळत नाही, पण बायांचं मत वेगळं आणि माणसांचं वेगळं पडद्यावर दाखवता येतं. आणि तुम्हाला बघायचंय तेच ते असंल.

---

शंकेखोर | मंगळवार, रात्री ८:००

माईंच्या टिकल्यांना माझाही सलाम. पण रेडिओवाले, 'क्रमांक आणि उत्तर हवेत जातं' म्हणालात. मग हवेतलं कुणी बदललं तर? इथं ईव्हीएमवरून एवढं रामायण चाललंय...

---

व्यवस्थापक | मंगळवार, रात्री ८:०५

ईव्हीएमसाठी वेगळा धागा आहे. इथं नको.

---

रेडिओवाला_जालना | मंगळवार, रात्री ९:३०

व्यवस्थापकांचा मान राखून तेवढंच सांगतो की मतदान यंत्रात रेडिओ नसतो, त्यामुळं ही तुलनाच होत नाही.

शंका मात्र रास्त आहे. २०१० मध्ये ट्रॅव्हिस गुडस्पीड या अभ्यासकानं एका नावाजलेल्या कीपॅडची आतली रचना उलगडून दाखवली होती. त्यात मत कुठल्याही कुलुपाशिवाय उघडंच जात होतं. कुणी जाणकार ते ऐकू शकतो, खोटंही पाठवू शकतो. पुढं काही कंपन्यांनी सुधारणा केल्या, पण सरसकट सगळी सुरक्षित आहेत असं समजू नका.

म्हणून ज्याचा निकाल कायद्यानं बांधतो ते यावर घेऊ नये. संचालकांची निवडणूक किंवा सहकारी संस्थेच्या सभेतलं मतदान जसं नियमात आहे तसंच घ्यायचं. कुणी हरकत घेतली तर 'पडद्यावर पट्टी उंच होती' हा पुरावा होत नाही. तुमच्या बैठकीत कल घ्या, आणि ठराव रीतीप्रमाणे हात वर करून किंवा चिठ्ठीनं करा.

अवांतर : लोकसभेत १९५७ पासून बटणांनी मत नोंदवायची सोय आहे. पण तिथं कोणत्या खासदारानं काय दाबलं हे नावानिशी नोंदलं जातं, कारण ते लोकांना उत्तरदायी आहेत. म्हणजे बटण असलं की मत गुप्त झालं असं नाही. माईंनी सांगितलेलं रजिस्टर तेच करतं.

---

लातूरची_शिकवणी | मंगळवार, रात्री ९:५५

माईंच्या टोपल्यांना जोड : गट फार बारीक पाडू नका. 'अमुक वाडीच्या महिला' असा गट काढला आणि त्यात तीनच जणी असल्या तर नाव न लिहिताही कळलं की.

---

परभणीकर | बुधवार, सकाळी ६:४५

कृषी विस्तारात बरीच वर्षं काढली, आता निवृत्त. परभणीच्या विद्यापीठात खरिपाआधी मोठा मेळावा भरतो, तालुक्याच्या गावीही छोटे होतात. सगळीकडं चित्र एकच. तज्ज्ञ बोलतात, शेतकरी ऐकतात, शेवटी 'काही शंका?' म्हटलं की तेच चार जण उठतात. ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय गेलं ते कुणीच मोजत नाही.

म्हणून माझ्या मते तुम्ही कल घेण्याआधी ज्ञान तपासा. उदाहरणार्थ, 'घरचं सोयाबीन बियाणं पेरण्याआधी तुम्ही उगवण तपासता का?' असं विचारलं तर सगळे हो म्हणतील. त्याऐवजी विचारा : ओल्या बारदानात १०० दाणे ठेवले, ५५ उगवले. आता काय कराल? १) नेहमीएवढंच पेरू, २) एकरी बियाणं वाढवू, ३) बियाणं बदलू, ४) सांगता येत नाही. शिफारस अशी की उगवण ७० टक्के असेल तर हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३० किलो. त्याहून कमी आली तर त्या प्रमाणात बियाणं वाढवायचं, फारच कमी आली तर बदलायचं. किती जण १ दाबतात ते बघा. मग तज्ज्ञानं त्या एका गोष्टीवर दहा मिनिटं बोलावं, बाकीचं भाषण घरी ठेवावं.

तसंच पेरणीच्या पावसाचं. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, हे दरवर्षी सांगतो. पण मिलिमीटर म्हणजे रानात काय, हे किती जणांना ठाऊक आहे? 'पहिला पाऊस झाला, ४० मिलिमीटर, शेजारी तिफण घेऊन निघाला. तुम्ही?' असा प्रश्न टाका. शेजाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय खरं उत्तर येत नाही, कारण दुबार पेरणी आपल्याकडं बऱ्याचदा शेजाऱ्याकडं बघून ओढवते.

एक गंमतही सुचवतो. काही कीपॅडांवर पूर्ण आकडा टाकता येतो, नुसतं १-२-३-४ नाही. इंग्लंडात १९०६ साली प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात बैलाचं वजन ओळखायची पैज लागली होती. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञानं ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. मधला अंदाज निघाला १२०७ पौंड, खरं वजन ११९८. एकेकटा कसाही चुको, सगळ्यांचा मिळून अंदाज एक टक्क्याच्या आत. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर शेंगा दाखवून 'एकरी उतारा किती येईल' हे सगळ्यांकडून टाकून घ्या आणि काढणीनंतर ताडून बघा. अट एवढीच की एकानं दुसऱ्याचा आकडा ऐकायचा नाही. मोठ्यानं विचारलंत तर पहिला जो बोलेल त्याच्याच आसपास सगळे घुटमळतील.

---

जिप_गुरुजी | बुधवार, दुपारी १२:२०

हिंगोली जिल्ह्यातली जिल्हा परिषद शाळा. कीपॅडचं बजेट आम्हाला या जन्मी नाही. आम्ही प्लिकर्सची कागदी कार्डं वापरतो. प्रत्येक पोराला एक छापील कार्ड, त्यावर काळ्या चौकटींचं चित्र, चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ती बाजू वर धरायची. मी मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणी काय धरलं ते नोंदतं. प्रत्येक कार्डाचं चित्र वेगळं, त्यामुळं शेजाऱ्याचं बघून तसंच धरलं तर उत्तर भलतंच येतं. पोरांना ते कळायला वेळ लागला नाही, दुसऱ्या दिवसापासून बघणं बंद.

फोन एकच लागतो, माझा. कार्डं चकचकीत लॅमिनेट करू नका, ट्यूबलाइट चमकून कॅमेऱ्याला दिसत नाही. वर्गापुरतं झकास. पण दीडशे माणसांच्या मेळाव्याला जमणार नाही, आणि कार्डाला नंबर असतो म्हणजे माईंचा गुप्ततेचा प्रश्न तसाच राहतो. तुमच्या दहा-बारा संचालकांच्या बैठकीत मात्र करून बघा, खर्च झेरॉक्सचा.

---

मंडप_साउंड_लाइट | बुधवार, दुपारी ३:४०

अजून एक राहिलं. प्रश्नांची फाइल युनिकोडमध्ये करा. जुन्या फॉन्टमधली फाइल ऑपरेटरच्या लॅपटॉपवर उघडली की चिन्हांचा रांगोळी-बाजार होतो आणि सगळा हॉल माझ्याकडं बघतो. आदल्या दिवशी फाइल पाठवून त्याच्याकडून पडद्याचा फोटो मागवा.

आणि टक्क्यांसोबत एकूण मतं दाखवायला सांगा. '८० टक्के होय' ऐकायला छान, पण दीडशेत चाळीसच जणांनी दाबलं असलं तर?

---

बालाघाटचा_वारा | बुधवार, रात्री १०:३०

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. मंगल कार्यालय ठरवलं, मंडप रद्द. कीपॅडं पुण्याहून भाड्यानं, ऑपरेटरसकट. दोन टोपल्या, दारात रजिस्टर फक्त हजेरीचं, त्यात कीपॅडचा नंबर नाही. सातच प्रश्न : पहिला जेवणाचा (माईंचा चौथा पर्याय तसाच ठेवतोय), उगवणीचा, ४० मिलिमीटरचा, आणि कंपनीचे चार. कंपनीचे प्रश्न दोनदा, मधे चर्चा.

कंपनीच्या चारपैकी हा सगळ्यात महत्त्वाचा : "कंपनीने यंदा मूग-उडीद खरेदी सुरू करावी का? १) होय २) नाही". बरोबर आहे ना?

---

परभणीकर | गुरुवार, सकाळी ६:३०

नाही. याला सगळे होय दाबतील, गुप्त असो की उघड. कंपनीनं अजून एक काम करावं याला कोण नाही म्हणेल? खिसा कंपनीचा. असं विचारा : "कंपनीनं खरेदी सुरू केली तर यंदा तुमचा किती मूग-उडीद तुम्ही कंपनीला घालाल? १) काहीच नाही २) थोडा ३) निम्म्याहून जास्त ४) सगळा". खरेदीत उतरायचं की नाही ते १ आणि २ च्या पट्ट्यांवरून ठरवा.

---

गोदाकाठची_माई | गुरुवार, सकाळी ८:०५

आणि 'घरी विचारून सांगते' हा पाचवा पर्याय ठेवा. बहुतेक कीपॅडांवर पाचवं बटण असतं. हे नाही ठेवलं तर बाया दोनच गोष्टी करतील, अंदाजानं कुठलं तरी दाबतील नाहीतर दाबणारच नाहीत. ठेवलंत तर बायांच्या टोपलीत पाचव्याची पट्टी किती ते बघून घ्या. ती उंच असली तर मुगाचा निर्णय त्या बैठकीत करू नका, घरोघरी जाऊन या आधी. टिकल्या पाच रंगांच्या लागतील मग. पाचवी पांढरी घ्या, चमकीवाली.